न आलेल्या फोनचा बाजार

"भाऊ, थो नवा फोन दिवाळीले येते म्हंतेत. मंग ह्याच्यात कायले पैसे घालू?"

समोरच्या माणसाने फोन काउंटरवर ठेवला तेव्हा त्याला दोन रबरबँड गुंडाळलेले होते, एक वर, एक खाली. रबर काढले तशी मागची पाठ आपोआप उचलली गेली. आतली बॅटरी फुगून पुरीसारखी झाली होती आणि डिस्प्लेच्या कडेला नख जाईल एवढी फट पडली होती. चाळीस टक्के चार्जिंग दाखवत असतानाच फोन बंद पडायचा. माणूस चंद्रपूरकडचा. बाप इथल्या एका दवाखान्यात भरती. रक्ताच्या सोयीसाठी नातेवाइकांना फोन लावायचे, गावाहून पैसे फोनवरच यायचे, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. साडेसहाशे रुपयांचे काम होते. अर्ध्या तासात करून देतो म्हटले. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो.

दिवाळीला तेव्हा चार महिने होते. ज्या फोनसाठी तो थांबणार होता तो कोणत्याही कंपनीने जाहीर केलेला नव्हता. त्याची किंमत ठरलेली नव्हती, तारीख ठरलेली नव्हती, तो भारतात विकला जाईल की नाही हेही कोणाला ठाऊक नव्हते. होती ती एक बातमी, आणि त्या बातमीत दर दुसऱ्या वाक्याच्या शेवटी 'असे समजते'. एवढ्या भांडवलावर आजारी बापाच्या उशाशी बसलेला माणूस बंद पडणारा फोन हातात धरून चार महिने काढायला तयार झाला होता.

मी त्याला बळेच खुर्चीवर बसवले आणि बॅटरी बदलून दिली. पैसे बाप घरी गेल्यावर दे म्हटले. पण दर माणसाला असे बसवता येत नाही, आणि माझा राग त्या माणसावर नाहीच. राग त्याच्या डोक्यात हे भरवणाऱ्यांवर आहे.

नागपूरच्या धंतोलीत मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर मी वीस वर्षे काढली. हा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेहाडिया चौकापासून पंचशील चौकापर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, एका दवाखान्याची पाटी संपत नाही तोच दुसरी सुरू होते. जुने बंगले पाडून इस्पितळे उभी राहिली. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, पलीकडे बालाघाट, छिंदवाडा, सगळीकडचा रुग्ण इथे येतो आणि त्याच्यासोबत दोन-तीन नातेवाईक येतात. त्यांच्याजवळ एक पिशवी, एक फाइल आणि एक फोन असतो. योजनेतून बिल भागवायचे तर ओटीपी त्या फोनवर. रात्री दोनला आयसीयूतून निरोप आला तर तोही त्याच फोनवर. धंतोलीत फोन बंद पडणे म्हणजे काय, हे मी रोज पाहतो. म्हणून नव्या फोनच्या अफवांना मी करमणूक मानायला तयार नाही. हातातल्या चालत्या फोनची ती सुपारी आहे, आणि ती घेतलेली माणसे स्वतःला पत्रकार म्हणवतात.

ही अफवा तयार कशी होते ते मला जवळून दिसते. फोन यायच्या तीन-चार महिने आधी कव्हर बनवणाऱ्यांकडे मापे फिरू लागतात. मापांवरून प्लास्टिकचे डमी बनतात, डमीचे फोटो निघतात, फोटोवरून व्हिडिओ होतो. दुसरीकडे कोणी तरी भारतीय मानक ब्युरोच्या यादीत एखादा मॉडेल क्रमांक पाहतो. तिथे फक्त क्रमांक असतो. त्या क्रमांकाला कॅमेरा, बॅटरी, किंमत हे सगळे हा स्वतःच्या मनाने चिकटवतो. मग एक दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि आठवड्याभरात आपल्या मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तीच गोष्ट 'अपेक्षित किंमत' या मथळ्याखाली छापून येते. अपेक्षा कोणाची, हे त्या मजकुरात कुठेच नसते.

त्या मापांच्या भरवशावर मीही एकदा बुडालो आहे. ठोक माल देणारा माणूस एका न आलेल्या फोनची कव्हरे घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, आत्ता घेऊन ठेव, फोन आल्यावर मिळणार नाही." मी दोनशे नग घेतले. फोन आला तेव्हा कॅमेऱ्याची खिडकी दुसऱ्या कोपऱ्यात होती. ती दोनशे कव्हरे पोत्यात भरून अजून माळ्यावर आहेत. माझे नुकसान काही हजारांचे झाले, ते मी सोसले. पण ज्यांचे नुकसान सोसण्यापलीकडचे असते त्यांचे काय?

२०१६ सालचा फेब्रुवारी आठवतो? १७ तारखेच्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात होती: २५१ रुपयांत स्मार्टफोन. नाव 'फ्रीडम २५१', कंपनी नोएडाची 'रिंगिंग बेल्स'. त्या संध्याकाळी दिल्लीत समारंभ झाला. मुरली मनोहर जोशी मंचावर होते. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर येणार असा गाजावाजा होता, ते आले नाहीत. १८ तारखेला सकाळी सहाला नोंदणी उघडणार होती. २५१ फोनचे, ४० पाठवणीचे, एकूण २९१ रुपये.

त्या सकाळी मी साडेआठला दुकान उघडले तर शटरसमोर माणसे उभी. वॉर्डबॉय, आया, चहाच्या टपरीवरची पोरे, दवाखान्यांत रात्र काढलेले नातेवाईक. कोणाकडे नेट नाही, कोणाकडे कार्ड नाही, म्हणून माझ्याकडे. "दादा, माझं नाव टाकून द्या." माझ्या कॉम्प्युटरवर ते पान उघडतच नव्हते. गोल फिरत राहायचे. लोक हटेनात. एक म्हातारी तीनशे रुपये मुठीत घट्ट धरून दोन तास पायरीवर बसली होती. नातवासाठी हवा होता तिला.

मी त्या दिवशी सगळ्यांना एकच गोष्ट दाखवली. टेबलाच्या खणातून चार इंचाचा सगळ्यात हलका, सगळ्यात स्वस्त डिस्प्ले काढला, आमच्या भाषेत कॉम्बो, आणि सांगितले की हा एकटा मला ठोकात २५१ पेक्षा महाग पडतो. यात बॅटरी नाही, बोर्ड नाही, कॅमेरा नाही, चार्जर नाही. वरची काचसुद्धा तुम्ही माझ्याकडून शंभर रुपयांत बसवून घेता. मग उरलेल्या दीडशेत अख्खा फोन कोण देतो? काही जणांना पटले. बरेच जण मला म्हणाले, तुझा धंदा बसेल म्हणून तू असे बोलतोस.

हे कळायला माझ्यासारखा दहावी-आयटीआय माणूस पुरेसा होता. मोबाइल बनवणाऱ्यांच्या संघटनेने मंत्र्यांना पत्र लिहून या किमतीवर शंका घेतली होती. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी उघड तक्रार केली होती. समारंभात पत्रकारांच्या हाती दिलेल्या नमुन्याच्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे, 'ॲडकॉम'चे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले निघाले. म्हणजे वस्तू हातात होती, नखाने खरवडले की खरे दिसत होते. तरीही कित्येक वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी दिवसभर काय दाखवले? फोनचे गुण. कॅमेरा किती, बॅटरी किती, नोंदणी कशी करायची याच्या पायऱ्या. पानभर जाहिरातीचे पैसे घेतलेल्या वर्तमानपत्राने त्याच अंकात त्या वस्तूचे गुणगान करावे आणि वाचकाला दोन्हींतला फरक कळू नये, हा गुन्हा आहे. कायद्याच्या पुस्तकात त्याला कलम नसेल, पण त्या म्हातारीच्या दोन तासांचा हिशोब कोणी तरी द्यायला हवा.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीने सात कोटींहून जास्त नोंदी झाल्याचे सांगितले, तीस हजार लोकांचे घेतलेले पैसे परत केल्याचे सांगितले, मग फोन घरी आल्यावर पैसे द्या म्हटले, मग काही हजार फोन पाठवल्याचे सांगितले. माझ्या काउंटरवर त्यातला एकही फोन दुरुस्तीला आला नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत कंपनीचा प्रमुख फसवणुकीच्या तक्रारीवरून अटकेत गेला. ज्यांनी नोंदणीच्या पायऱ्या समजावून सांगितल्या होत्या त्यांतल्या एकानेही 'आम्ही चुकलो' एवढे दोन शब्द छापलेले मी पाहिले नाहीत. तीच माणसे पुढच्या हंगामात पुढच्या फोनच्या अपेक्षित किमती छापू लागली.

कोणी म्हणेल, ती एक भुरटी कंपनी होती, मोठ्यांचे तसे नसते. मोठ्यांचे पाहू. २०२१ च्या जूनमध्ये रिलायन्सच्या वार्षिक सभेत 'जिओफोन नेक्स्ट' जाहीर झाला आणि गणेश चतुर्थीचा, १० सप्टेंबरचा मुहूर्त सांगितला गेला. किंमत कंपनीने सांगितली नव्हती. ती बातम्यांनी सांगितली: साडेतीन हजारांच्या आसपास. शाळा तेव्हा फोनवर भरत होत्या. एका घरात तीन मुले आणि एक फोन, अशी घरे मोजता येणार नाहीत इतकी होती. गणपती आले आणि गेले, फोन दिवाळीवर ढकलला गेला. ४ नोव्हेंबरला तो आला तेव्हा किंमत होती ६,४९९ रुपये, नाही तर आधी १,९९९ भरा आणि दीड-दोन वर्षे हप्ते. कंपनीने तारीख पुढे का नेली याचे कारण तिने दिले होते, चिपचा तुटवडा. तो तुटवडा जगभर खरा होता. माझा प्रश्न किमतीचा आहे. साडेतीन हजार हा आकडा लाखो घरांच्या हिशोबात घातला कोणी? कशाच्या जोरावर? आणि तो जवळजवळ दुप्पट निघाल्यावर जबाबदारी कोणाची?

आयफोनच्या बाबतीत तर हा खेळ वर्षानुवर्षे चालला आहे. २०१३ मध्ये महिनोन् महिने 'स्वस्त आयफोन येतो' म्हणून वाजवले. आला ५सी, भारतात ४१,९०० रुपयांना. २०१६ मध्ये पुन्हा तेच, एसई आला ३९,००० ना. मग नवी आशा निघाली: भारतात बनू लागला की भाव पडेल. २०१७ मध्ये बंगळुरूत जोडणी सुरू झाली, नंतर श्रीपेरुंबुदूरला अवाढव्य कारखाने उभे राहिले. आणि भाव? आयफोन १३, १४, १५, १६, चार वर्षे ओळीने नव्या फोनची सुरुवातीची किंमत ७९,९०० रुपये. १४ च्या वेळेस तर 'आता भारतातच बनतो' म्हणून दर चौथ्या माणसाने मला सांगितले की थांबतो, उतरेल. उतरला नाही. कारखाना कुठे आहे यावर किंमत ठरत नाही, लोक किती द्यायला तयार आहेत यावर ठरते, आणि लोकांना तयार करण्याचे काम हीच अफवांची रांग करते. वर्षभर एखाद्या वस्तूचे नाव कानावर आदळत राहिले की माणूस किमतीशी भांडायचे विसरतो. भांडण फक्त रंग कोणता घ्यायचा याचे उरते.

कारखान्यावरून आपल्या महाराष्ट्राची जखम आठवली. ८ ऑगस्ट २०१५ ला फॉक्सकॉनने राज्य सरकारशी करार केला, पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर गुंतवण्याचा. मुख्यमंत्री आमच्या नागपूरचे, देवेंद्र फडणवीस. त्या आठवड्यात माझ्याकडे काम शिकणारी तीन पोरे विचारत होती की सोल्डरिंग येते एवढ्यावर तिथे घेतील का. फोन बनवणारी कंपनी, आपल्याच राज्यात, आपल्यालाच काम. २०२० च्या जानेवारीत उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तो प्रकल्प येणार नसल्याचे सांगितले. साडेचार वर्षे गेली. त्या तीन पोरांपैकी एक पुण्याला डिलिव्हरीच्या गाडीवर आहे. करार म्हणजे कारखाना नव्हे, हे त्यांना पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर त्यांनी ती वर्षे वेगळी वापरली असती. करार झाला त्या दिवशीचे मथळे कारखाना उभा राहिल्यासारखे होते.

आता माझ्या टेबलावर या. माझे खरे भांडण इथे आहे.

लोक फोन बदलतात त्याचे कारण बहुतेक वेळा फोन नसतो, बॅटरी असते. लिथियमची बॅटरी झिजते. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची क्षमता कमी होते, फोन मध्येच बंद पडतो, काही फोन तर अचानक बंद पडू नयेत म्हणून स्वतःच हळू चालतात. माणसाला वाटते फोन म्हातारा झाला. नेमक्या त्याच आठवड्यात नव्या फोनची बातमी त्याच्या डोळ्यांपुढे येते आणि साडेसहाशे-आठशेचा इलाज असताना तो वीस हजारांचे कर्ज काढतो.

हे मी दुरुस्तीवाला म्हणून बोलतो असे कोणाला वाटेल, तर ॲपलच्या प्रमुखाचेच ऐका. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते. गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली आणि वर्षभरासाठी बॅटरी बदलून देण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. पुढे काय झाले? २ जानेवारी २०१९ ला टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्नाचा अंदाज खाली आणला. नवे फोन अपेक्षेइतके का खपले नाहीत याची जी कारणे त्यांनी दिली, त्यांत चीनची मंदी होती आणि हेही होते की काही ग्राहक स्वस्तात बॅटरी बदलून घेण्याचा लाभ घेत आहेत. जगातल्या सगळ्यात श्रीमंत फोन कंपनीने स्वतःच्या सहीने मान्य केले की बॅटरी बदलून मिळाली तर माणूस नवा फोन घेत नाही. ही बातमी होती. दर सप्टेंबरात पहिल्या पानावर छापावी अशी बातमी. ती एका दिवसात विरून गेली आणि घडीचा आयफोन कधी येणार याचा रतीब मात्र वर्षानुवर्षे चालू आहे.

दुरुस्तीवाल्यांनीही आशा लावली होती, ते लपवत नाही. २०१३ मध्ये 'प्रोजेक्ट आरा' जाहीर झाला, पुढे तो गूगलकडे होता. ठोकळ्यांचा फोन: कॅमेरा बिघडला तर कॅमेऱ्याचा ठोकळा बदला, बॅटरी गेली तर बॅटरीचा. मी त्याचे चित्र छापून टेबलामागे लावले होते. २०१६ च्या सप्टेंबरात गूगलने तो बंद केला. माणसाला वर्षानुवर्षे पुरेल असा फोन ही एकच अशी आशा होती की जिच्या मागे लागायला हवे होते, आणि ती मेली तेव्हा तिच्यावर चार ओळीही माझ्या वाचनात आल्या नाहीत.

एका बाईचे सांगतो. धंतोलीतल्या एका दवाखान्यात रात्रपाळीला आया आहे, नाव देत नाही. मुलगा बारावीला. तिच्या फोनचीही बॅटरी फुगली होती. सातशे रुपये सांगितले. तिने पदराच्या गाठीतून पैसे काढलेसुद्धा, तेवढ्यात मुलाने हात धरला. "आई, थांब. एका कंपनीचा नवा येतो पुढच्या महिन्यात, सात हजारांत. मी पाहिलंय." मी म्हटले, पोरा, फुगलेली बॅटरी डिस्प्लेला आतून रेटत असते, थांबशील तर काच जाईल. तो मला व्हिडिओ दाखवू लागला. त्यात एक गोरागोमटा तरुण, मागे निळा दिवा, खात्रीने किंमत सांगतो आहे. माझ्यामागे निळा दिवा नव्हता, हॉट एअर गन होती. बाईने पैसे परत गाठीला बांधले.

पाच आठवड्यांनी ती परत आली. बॅटरीने डिस्प्ले उचलून मधोमध तडकवला होता. सातशेचे काम तेवीसशेवर गेले होते. तो 'सात हजारांचा' फोन आला होता, दहा हजार चारशेंना. तिने दोन हप्त्यांत पैसे दिले, दोन पगारांतून. मुलगा सोबत आला नव्हता. बाई मला म्हणाली, "त्याले काही बोलू नका दादा, त्याचं काय चुकलं, टीव्हीतलेच खोटं बोलतेत."

खरे आहे. त्याचे काही चुकले नाही. खात्रीच्या आवाजात सांगितलेले ऐकणे ही चूक नव्हे. ज्याला ठाऊक नाही त्याने खात्रीचा आवाज काढणे ही चूक आहे, आणि तो आवाज काढण्याचे त्याला पैसे मिळतात हे त्याहून वाईट.

मला उत्तर ठरलेले मिळते: लोकांनाच वाचायचे असते. साफ खोटे. लोकांना त्यांच्या फोनबद्दल वाचायचे असते. माझ्या काउंटरवर दिवसभरात जे प्रश्न येतात त्यांतला एकही प्रश्न मी छापलेला पाहत नाही. हा फोन घेतला तर बॅटरी बदलायला किती लागेल? डिस्प्ले फुटला तर कंपनीचा मूळ भाग नागपुरात मिळेल की मुंबईला पाठवावा लागेल आणि किती दिवस? सुरक्षेचे अपडेट किती वर्षे येतील? बँकेचे ॲप चार वर्षांनी यावर चालेल का? युरोपात २० जून २०२५ पासून याचे नियम आहेत. आठशे वेळा चार्ज करूनही बॅटरीने ऐंशी टक्के क्षमता राखली पाहिजे, सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत, अपडेट किमान पाच वर्षे. तोच फोन, त्याच कंपन्या. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. माझ्याकडे येणाऱ्या शंभर माणसांत एकालाही ते ठाऊक नसते. मात्र सहा महिन्यांनी येणाऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल शंभरातल्या साठांना पाठ असतात. लोकांना वाचायला काय मिळते यावर लोकांना काय ठाऊक असते ते ठरते, आणि वाचायला काय द्यायचे हे ठरवणारे जाहिरातीच्या पैशाकडे पाहून ठरवतात.

एका फोनची वाट पाहणे मात्र मी आयुष्यात मनापासून मान्य केले. २०२२ च्या डिसेंबरात, दोन वर्षांच्या खंडानंतर, विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरले. अधिवेशन आले की आमच्या यशवंत स्टेडियमवर मोर्चे जमतात. त्या दिवसांत मी दुकानाबाहेर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवतो, कोणीही यावे, फोन चार्ज करून घ्यावा. त्या वर्षी एका दुपारी चार-पाच अंगणवाडी सेविका पायरीवर बसल्या होत्या. एकीने फोन माझ्यापुढे धरला. तिचा स्वतःचा, घरचा. "भाऊ, ॲप उघडते अन् बंद पडते, पाहा ना." जागा पूर्ण भरली होती. अर्ध्या जागेत तिच्या नातवंडांचे फोटो, अर्ध्या जागेत गावातल्या मुलांची वजने आणि उंच्या. काय पुसू, असे तिने मला विचारले.

सरकारने या बायकांना २०१९ मध्ये फोन दिले होते. दोन जीबी रॅमचे. मुलांच्या पोषणाच्या नोंदींचे ॲप त्यावर नीट चालेना, फोन गरम व्हायचे, बंद पडायचे, वॉरंटी संपली, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच गळ्यात. ॲपची भाषा इंग्रजी, मराठीसाठी त्यांच्या संघटनांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. हजारो बायकांनी रांगेत उभे राहून फोन टेबलावर ठेवले आणि घरी गेल्या. तेव्हापासून त्या नव्या फोनची वाट पाहत होत्या. २०२३ च्या फेब्रुवारीत त्या संपावर गेल्या तेव्हाही मागण्यांत मानधनासोबत नवा मोबाइल होता.

राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या. म्हणजे एक लाखाहून जास्त बायका एका येणाऱ्या फोनची वाट पाहत होत्या, ज्याच्या अपेक्षित किमतीशी त्यांना काही घेणे नव्हते. ॲप उघडावे आणि नोंद राहावी, एवढेच हवे होते. कुपोषित मूल कोणत्या गावात आहे हे त्या फोनवर लिहिले जाणार होते. तो फोन कधी येणार, त्याला रॅम किती असणार, त्यात मराठी असणार का, याची अफवासुद्धा मी कुठल्या तंत्रज्ञानाच्या पानावर वाचली नाही.

त्या बाईने शेवटी नातवंडांचे फोटो पुसायला सांगितले. मी पुसले नाहीत, मेमरी कार्डावर टाकून दिले. ॲप उघडले. तिने तिथेच पायरीवर बसून राहिलेली आठ मुलांची वजने भरली, एकेक आकडा वहीशी ताडून. वही तिने प्लास्टिकच्या पिशवीत आणली होती.